‘रिकामंच आहे, घे’

पाऊलखूण

परवा घडलेली गोष्ट आहे. दोन रात्री झोप नाही, म्हणून इथे लिहून काढतोय. बंदुकीतलं कळणारे इथे बरेच जण आहेत, हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे.

आमच्या नात्यात एक काका आहेत. साठी उलटलेले, आयुष्यभर शिस्तीत वागलेले. त्यांच्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. परवा सगळे त्यांच्या घरी जमलो होतो. बोलता बोलता विषय निघाला आणि पोरांनी हट्ट धरला. काकांनी कपाट उघडून पिस्तूल काढलं, सगळ्यांच्या देखत खटका दाबून गोळ्यांचं मॅगझिन बाहेर घेतलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आता रिकामं आहे. बघा काय बघायचं ते."

मग ते हातोहात फिरलं. माझ्या भाच्याने, बारा वर्षांचा आहे तो, दोन्ही हातांत धरून धाकट्या बहिणीवर रोखलं. ती हसत होती. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. नंतर ते माझ्याकडे आलं. पूर्वी तीनेक वर्षं मी नेमबाजीच्या रेंजवर जायचो, तिथली सवय हातात राहिलीय. शंका आली म्हणून नाही, निव्वळ सवयीने मी नळी खाली, मोकळ्या कोपऱ्याकडे केली आणि स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. आतून एक काडतूस उडालं, फरशीवर टणकन पडलं आणि गडगडत सोफ्याखाली गेलं.

खोलीत कुणी काही बोललं नाही. काका मटकन खाली बसले. "अरे, मॅगझिन तर काढलं होतं ना मी," एवढंच दोन-तीनदा म्हणाले.

रात्री मी तो फोटो मोठा करून पाहिला. भाच्याचं बोट चापावर आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं मानणारे किती जण असतील? काकांकडे हे पिस्तूल वीस वर्षांहून जास्त काळ आहे. दुसरी गोष्ट मला जास्त टोचतेय. स्लाईड ओढताना मी म्हणालो होतो, "काका, सहज बघतो हं." माफी मागितल्यासारखं. वडीलधाऱ्या माणसाने रिकामं आहे म्हणून सांगितल्यावर पुन्हा तपासणं मला उद्धटपणाचं वाटलं. हाताला सवय नसती तर त्या संकोचापायी मी ते तसंच पुढे दिलं असतं. माझ्या शेजारी माझी मुलगी उभी होती.

नेमकाटा

पाऊलखूण, वाचून अंगावर काटा आला. मी नेमबाजी शिकवतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो. असं मानणारे फार जण आहेत, आणि त्यांत नवशिके थोडे. वर्षानुवर्षं शस्त्र बाळगणारेच जास्त.

त्याचं कारण पिस्तुलाच्या रचनेत आहे. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळ्या दोन ठिकाणी असतात. एक दस्त्यातल्या मॅगझिनमध्ये, दुसरी नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये. मॅगझिन काढल्यावर पहिली जागा रिकामी होते. चेंबरमधली गोळी जागच्या जागी राहते, आणि बहुतेक पिस्तुलांत ती मॅगझिनशिवायही सुटते. काही पिस्तुलांत, उदाहरणार्थ ब्राउनिंग हाय पॉवरमध्ये, मॅगझिन काढलं की चाप चालणार नाही अशी सोय केलेली असते. अशा एखाद्या पिस्तुलावर शिकलेला माणूस तोच समज घेऊन दुसरं पिस्तूल हाताळतो, आणि फसतो.

क्रम तर त्याहून महत्त्वाचा. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाईड ओढायची. उलट केलंत तर स्लाईड ओढताच चेंबरमधली गोळी बाहेर पडते, आणि स्लाईड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी आत ढकलते. त्यानंतर मॅगझिन काढून ठेवलंत की तुमच्या डोळ्यांदेखत एक गोळी बाहेर पडलेली असते, मॅगझिन टेबलावर असतं, आणि पिस्तूल भरलेलं असतं. साफसफाई करताना बार उडाल्याच्या ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच इथेच सुरू होतात. ग्लॉकसारखी पिस्तुलं तर सुटी करण्याआधी चाप ओढावाच लागतो. तेव्हा चेंबर न बघता ओढला आणि आत गोळी असली, तर बार उडणारच.

आणि स्लाईड ओढल्यावर काही बाहेर पडलं नाही, म्हणून थांबायचं नाही. काडतुसाची कड पकडून ते बाहेर खेचणारा एक छोटा आकडा असतो, एक्स्ट्रॅक्टर. तो तुटला किंवा झिजला, तर स्लाईड कितीही वेळा ओढा, गोळी आतच बसते. म्हणून स्लाईड मागे अडकवायची, उजेडात धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीचं टोक आत घालून चाचपायचं. डोळा फसतो. जे दिसेल अशी अपेक्षा असते, तेच त्याला दिसतं. दिवसभरात शंभर वेळा रिकामं चेंबर पाहिलेल्या माणसाला एकशेएकाव्या वेळी गोळी असूनही रिकामंच दिसू शकतं. बोटाला मात्र पितळ लागतं.

दुसऱ्या प्रश्नावर नंतर लिहितो. तो मोठा आहे.

सांजवेळ

मला यातलं फार कळत नाही, पण माझी मुलगी शाळेतून एअर रायफलला जायला लागली आहे. तिची रायफल घरी आणायची म्हणतात. एअर रायफललाही हे सगळं लागू होतं का? तिथे काही दारूगोळा नसतो, म्हणून मी निर्धास्त होते. हा धागा वाचून आता भीती वाटते.

नेमकाटा

सांजवेळ, घाबरू नका, पण निर्धास्तही राहू नका. एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो. तो डोळ्यात गेला तर डोळा जातो. शिवाय भरलेली एअर रायफल ओळखणं कठीण असतं. छर्रा एवढासा, नळीच्या मागच्या टोकाशी घट्ट बसलेला. वरून बघून कळत नाही.

त्यासाठीच स्पर्धांमध्ये सेफ्टी फ्लॅग असतो. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार नेम चालू नसताना प्रत्येक रायफल आणि पिस्तुलात तो घालावा लागतो. भडक रंगाचा, लांबून दिसणारा. एअरगनसाठी तो पूर्ण नळीतून आरपार जाणारा दोरा असतो. दोरा आरपार गेला याचा अर्थ आत छर्रा नाही, आणि हे दहा पावलांवरच्या माणसालाही हात न लावता दिसतं. मुलीला सांगा, रायफल पेटीतून बाहेर असेल आणि नेम धरलेला नसेल, तेव्हा दोरा आतच पाहिजे. घरीसुद्धा. आणि छर्रे वेगळ्या कपाटात, कुलपात.

उलटतपासणी

मी वकील आहे, तेव्हा माझ्या व्यवसायातली एक खरी घटना सांगतो. साल १८७१, अमेरिकेतलं ओहायो राज्य. क्लेमंट व्हॅलँडिगहॅम नावाचे नामांकित वकील होते, आधी त्यांच्या संसदेत खासदार राहिलेले. त्यांच्या अशिलावर खुनाचा आरोप होता. व्हॅलँडिगहॅम यांचा बचाव असा, की मेलेल्या माणसाने गुडघ्यावरून उठता उठता स्वतःचं पिस्तूल खिशातून काढलं आणि ते चुकून त्यालाच लागलं. हे कसं घडलं असेल ते हॉटेलच्या खोलीत सहकारी वकिलांना दाखवायला ते उभे राहिले. खोलीत दोन पिस्तुलं होती, एक भरलेलं आणि एक रिकामं. त्यांनी रिकामं समजून उचललं ते भरलेलं होतं. प्रात्यक्षिक करताना बार उडाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. अशील पुढे निर्दोष सुटला.

मी ही घटना ज्युनियर मुलांना नेहमी सांगतो. पुराव्यातलं शस्त्र हातात घेण्यापूर्वी कोर्टात सगळ्यांसमोर ते उघडून दाखवायला लावा, मग समोर कुणीही असो. व्हॅलँडिगहॅम यांना काही शिकवण्याची गरज नव्हती. पिस्तूल कसं चुकून सुटतं हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तेच तर ते दाखवत होते.

सुरावट

पाऊलखूण यांच्या काकांची गोष्ट वाचताना मला टेरी कॅथ आठवला. ‘शिकागो’ या रॉक बँडचा गिटारिस्ट, फार मोठा वादक. २३ जानेवारी १९७८ ला मित्राच्या घरी तो पिस्तुलाशी चाळा करत होता. मित्राने हटकलं, तेव्हा त्याने मॅगझिन काढून दाखवलं, की बघ, रिकामं आहे. गोळी चेंबरमध्ये होती. बत्तिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

तंतोतंत काकांनी केलं तेच. मॅगझिन काढून दाखवणं हा जणू पुरावाच वाटतो माणसाला.

रोखठोक

सगळ्यांशी सहमत आहे, पण एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. अजून कुणी लिहिलं नाही, पण लिहिणार हे माहीत आहे, म्हणून आधीच मांडतो. ‘प्रत्येक बंदूक कायम भरलेलीच समजा’ हा जो नियम सांगतात, तो मला खोटा वाटतो. बंदूक साफ करायची, दुरुस्तीला द्यायची, पेटीत भरून न्यायची, तर ती रिकामी आहे हे कधीतरी मानावंच लागतं. ड्राय फायरिंगचा, म्हणजे गोळीशिवाय नुसता चाप ओढण्याचा, सराव तर रिकाम्याच बंदुकीने करतात. जो नियम रोज दहा वेळा मोडावा लागतो, त्याला माणूस हळूहळू नियम मानेनासाच होतो. त्यापेक्षा ‘स्वतः तपासा’ एवढंच सांगावं.

नेमकाटा

रोखठोक, हा वाद आमच्याकडेही जुना आहे आणि तुमचा मुद्दा पोकळ नाही.

तुम्ही सांगता तो चार नियमांपैकी पहिला. ते चारही आज ज्या रूपात सांगतात, त्या रूपात जेफ कूपर यांनी रूढ केले. अमेरिकन मरीन, पुढे पिस्तूल नेमबाजीचे शिक्षक. सगळ्या बंदुका भरलेल्या असतात. जे नष्ट करायची तयारी नाही त्यावर नळी फिरू द्यायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि लक्ष्य कोणतं, त्याच्या मागे काय आहे, हे पक्कं माहीत असल्याशिवाय चाप ओढायचा नाही. पहिला नियम शब्दशः घेतला तर तुम्ही म्हणता तसा तो मोडतो. पण तो बंदुकीचं वर्णन करत नाही, तुमच्या हाताने कसं वागायचं ते सांगतो. तपासून रिकामी ठरलेली बंदूकसुद्धा माणसाकडे रोखायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुमचं ‘स्वतः तपासा’ मला हवंच आहे. पण ते एकटं पुरत नाही, कारण तपासणी चुकते. वर एक्स्ट्रॅक्टरचं लिहिलंय. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला असेल, तर फरशी फुटते किंवा भिंतीला भोक पडतं, माणूस वाचतो. नियम एकमेकांना सांभाळून घेण्यासाठी आहेत. अपघात व्हायला एका वेळी दोन तरी मोडावे लागतात. पाऊलखूण यांच्या भाच्याच्या वेळी तीन मोडलेले होते. तपासणी नव्हती, नळी बहिणीवर होती, बोट चापावर होतं. फक्त चाप ओढला गेला नाही.

रोखठोक

तीन मोडलेले होते, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. मान्य.

खापरपणजी

जुन्या वस्तूंच्या संग्रहाचं काम करते, म्हणून ठासणीच्या बंदुकांबद्दल लिहिते. घराघरांत भिंतीवर टांगलेल्या असतात. लोकांना वाटतं, शंभर वर्षं तशीच आहे, तिच्यात काय असणार?

ठासणीच्या बंदुकीत उघडून बघायला चेंबरच नसतं. दारू, बोळा आणि गोळी, सगळं तोंडातून आत ठासलेलं. बाहेरून भरलेली आणि रिकामी अगदी सारखी दिसते. आणि काळी दारू कोरडी राहिली तर तिची धग कमी होत नाही. २०१३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या अठराव्या शतकातल्या एका तोफेची साफसफाई चालू होती. गंज काढताना लक्षात आलं, की आत दारू, बोळा आणि तोफगोळा तसाच आहे. ती तोफ आधी कित्येक वर्षं लोकांसमोर मांडलेली होती. पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला बोलवावं लागलं.

लढाईच्या धांदलीत तर काय होत असेल याची कल्पना गेटिसबर्गवरून येते. १८६३ च्या त्या लढाईनंतर रणांगणावरून साडेसत्तावीस हजारांच्या आसपास बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार. काहींमध्ये तर त्याहून जास्त. गोंगाटात आपला बार उडाला की नाही हे शिपायांना कळलंच नाही, ते ठासत राहिले. अशी एखादी बंदूक पुढे कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी भिंतीवर जाऊ शकते.

आम्ही तपासतो ते असं. एक सरळ काठी नळीत हलकेच, टेकेपर्यंत घालायची आणि तोंडाशी खूण करायची. मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची. मागे कान असतो, म्हणजे जिथून ठिणगी आत जाते ते भोक, तिथवर काठी पोचत असेल तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच अडली, तर आत काहीतरी आहे. हे करताना चेहरा आणि हात नळीच्या तोंडासमोर येऊ द्यायचा नाही, आणि धातूची सळई वापरायची नाही. काही अडकलेलं वाटलं तर स्वतः उकरू नका, जाणकाराला बोलवा. खिळ्याने दारू उकरताना गेलेले हात मी पाहिले आहेत.

पडद्यामागे

नाटक-सिनेमाच्या सेटवर काम करतो. आमच्याकडे तर ‘रिकामी’ हा शब्दच गोंधळाचा आहे. ब्लँक म्हणजे गोळी नसलेलं पण दारू असलेलं काडतूस. डमी म्हणजे दिसायला खरं काडतूस, पण आत दारू नाही. नटाला आणि कॅमेऱ्याला डमी आणि खरं काडतूस सारखंच.

हॉलिवूडचे नट ब्रँडन ली यांचा ३१ मार्च १९९३ चा सेटवरच्या गोळीने झालेला मृत्यू आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात. सेटवर डमी हवी होती. खऱ्या काडतुसांतली दारू काढून ती बनवली, पण बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर जिवंत राहिला. चाप ओढल्यावर त्या प्रायमरच्या जोरावर गोळी काडतुसातून सुटली आणि नळीत अर्ध्यावर अडकली. ते कुणी पाहिलं नाही. पुढच्या एका दृश्यात त्याच रिव्हॉल्वरमध्ये ब्लँक भरलं. ब्लँकच्या दारूने अडकलेली गोळी खऱ्या गोळीसारखी बाहेर फेकली. सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, कितीही वेळा तपासला असता तरी ती दिसली नसती. नळीतून उजेड बघायला हवा होता.

आणि २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोतल्या सेटवर छायाचित्रकार हलीना हचिन्स गेल्या. तिथे सहायक दिग्दर्शकाने रिव्हॉल्वर नटाच्या हाती देताना मोठ्याने सांगितलं, की ही थंड आहे. म्हणजे सुरक्षित. आत खरी गोळी होती. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या आर्मररला २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. मी हे वारंवार वाचलं आहे आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडतो. बंदूक नटाच्या हाती गेली, ती आधीच्याने बघितलंय या भरवशावर.

आता मी ज्यांच्या हाताखाली काम करतो ते प्रत्येक डमी नटाच्या कानाशी हलवून दाखवतात. डमीत बारीक छर्रा घातलेला असतो, तो खुळखुळतो. खऱ्या काडतुसात तो आवाज येत नाही. नट कितीही मोठा असो, कितीही घाईत असो, खुळखुळ ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही.

झुळूक

+१. वाचतेय. सगळ्यांनी लिहा.

कातरवेळ

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. मित्राच्या घरी गेला होता. मित्राच्या वडिलांची बारा बोअर, दुनळी. मित्राने बंदूक मधून मोडून उघडली, दोन्ही काडतुसं काढली, दोघांनी मिळून पाहिलं, नळ्या रिकाम्या होत्या. हे पोलिसांनीही मान्य केलं. मग दोघं जेवायला उठले. मधल्या वेळात मित्राचे वडील आले, त्यांनी बंदूक उघडी पाहिली. घरात बंदूक भरलेली ठेवायची त्यांची पद्धत होती, म्हणून त्यांनी काडतुसं परत घातली आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. जेवून आल्यावर मित्राने ती उचलली. त्याने तपासलं नाही, कारण त्याने तपासलं होतं. वीस मिनिटांपूर्वी.

तिथे निष्काळजी कोण होतं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. दोघांनीही आपापल्या परीने नीटच केलं होतं. फक्त बंदूक एकदा हातातून सुटली होती.

तो मित्र अजून आमच्याकडे येतो. आईला हाक मारतो. आई त्याला पाणी देते. मला अजून त्याच्याकडे नीट बघता येत नाही, आणि त्याचा दोष नाही हे मला माहीत आहे.

सांजवेळ

कातरवेळ, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू? तुमच्या आईंना नमस्कार.

पाऊलखूण

कातरवेळ, मी तीनदा वाचलं. काही बोलता येत नाही.

नेमकाटा

कातरवेळ, वीस मिनिटांची जी गोष्ट तुम्ही सांगितली, ती मी माझ्या प्रत्येक तुकडीला सांगेन. नाव-गाव न घेता. परवानगी असेल तरच.

तपासणी बंदुकीला चिकटून राहत नाही, ती तपासणाऱ्याच्या हातापुरती असते. बंदूक खाली ठेवली की संपली. दुसऱ्याने दिली, उचलली, पेटीतून काढली, की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या रेंजवर चहाला पाच मिनिटं बाहेर गेलेला मुलगासुद्धा परत आल्यावर स्वतःचीच रायफल पुन्हा उघडून बघतो.

आता पाऊलखूण यांचा दुसरा प्रश्न, संकोचाचा. मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. यंत्राची माहिती अर्ध्या तासात शिकवता येते. वडीलधाऱ्याने, साहेबाने, गुरूने दिलेली बंदूक त्याच्या समोर उघडून बघायची, ही गोष्ट शिकवायला वर्ष लागतं. माणसाला वाटतं, यात समोरच्यावर अविश्वास दिसतो. ज्यांना हे समजतं, त्यांच्यात उलटी रीत असते. देणारा स्वतः बंदूक उघडून, रिकामं चेंबर समोरच्याला दाखवून, मग हातात देतो, आणि घेणारा देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा तपासतो. माझे शिक्षक सत्तरीत होते. मी तपासल्याशिवाय बंदूक घेतली तर परत मागून घ्यायचे. म्हणायचे, "तू बघितलं नाहीस, म्हणजे मी एकटाच चुकायचं का?" त्यांना एकटं पडायचं नव्हतं. मला त्या वेळी ते विचित्र वाटायचं.

जाता जाता थोडी भर. दुनळी किंवा एकनळी बंदुकीत चेंबर रिकामं दिसलं तरी नळीतून आरपार उजेड बघा. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या काडतुसापेक्षा बारीक असतं, ते चुकून बारा बोअरमध्ये गेलं, तर ते चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं. मागून बघणाऱ्याला चेंबर मोकळंच दिसतं. त्यावर बाराचं काडतूस घालून बार काढला तर नळी फुटते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो. वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात ती याच कारणासाठी, लांबून ओळखू यावीत म्हणून. रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर बाहेर काढून प्रत्येक घर मोजा. सहा असतीलच असं नाही, पाच असतात, सात असतात, आठही असतात. आणि चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’ झालं, बार उडाला नाही, तर लगेच उघडायचं नाही. नळी निशाण्यावर तशीच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं. कधी कधी काडतूस उशिरा पेटतं.

रोखठोक

सेफ्टीबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्या ओळखीत ‘सेफ्टी लावलीय’ म्हणून बिनधास्त राहणारे पुष्कळ आहेत.

नेमकाटा

सेफ्टी म्हणजे एक खटका. झिजतो, घाण बसते, खिशात घासून सरकतो. चेंबर रिकामं आहे की नाही हे तो सांगत नाही. जुन्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वरमध्ये, म्हणजे ज्यात दर वेळी घोडा हाताने ओढावा लागतो, तर घोडा काडतुसाच्या बुडावरच टेकलेला असायचा, रिव्हॉल्वर खाली पडलं तरी बार उडे. म्हणून जुनी माणसं सहा घरांत पाचच गोळ्या भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवायची. सेफ्टी असेल तर लावा. पण ती लावलीय म्हणून नळी कुणावर नेऊ नका.

कातरवेळ

नेमकाटा, परवानगी आहे. सांगा मुलांना.

पाऊलखूण

चार दिवसांनी लिहितोय. काल काकांकडे गेलो होतो. जाण्याआधी बहिणीशी बोललो आणि भाच्याला बरोबर घेतलं. तो यायला तयार नव्हता. फोटो त्यालाही दाखवला होता, त्याला रात्री ताप आला होता.

काका पहिल्यांदा काही बोललेच नाहीत. मग त्यांनीच विषय काढला. म्हणाले, ते पिस्तूल घेतलं तेव्हा दुकानदाराने पाच मिनिटांत दाखवलं होतं, त्यावरच वीस वर्षं काढली. चेंबरमध्ये गोळी कधीपासून होती हेही त्यांना आठवत नाही. त्यांच्या अंदाजाने बरीच वर्षं. म्हणजे दर दिवाळीला साफ करताना, कपाट लावताना, नातवंडं खोलीत खेळताना, ती आत होती.

मी त्यांना नेमकाटांचा प्रतिसाद वाचून दाखवला, क्रमाचा आणि एक्स्ट्रॅक्टरचा. मग त्यांनी मॅगझिन काढलेलं पिस्तूल आणलं, नळी खाली धरून स्लाईड मागे अडकवली, खिडकीच्या उजेडात स्वतः पाहिलं, करंगळी घालून चाचपलं आणि तसंच उघडं माझ्यासमोर धरलं. मी हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली आणि ते भाच्यासमोर धरलं. "तू बघ. आत काय आहे ते सांग मला."

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग करंगळी आत घातली. "काही नाही, आजोबा." मग परत एकदा बघितलं.

काकांनी पिस्तूल कपाटात ठेवलं, गोळ्या दुसऱ्या खोलीतल्या पेटीत. दोन्ही किल्ल्या वेगळ्या केल्या. सोफ्याखाली गेलेलं काडतूस अजून सापडलेलं नव्हतं. त्यामुळे संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून सोफा सरकवला.